कागद देणाऱ्या जंगलाचे स्वतःचे पान

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील जंगलांचा मराठी मुद्रणाशी जुना आणि अगदी भौतिक स्वरूपाचा संबंध आहे. बल्लारपूरच्या कागद उद्योगाची कंपनी १९४५ साली स्थापन झाली, पुढे गडचिरोलीतील आष्टी येथेही तिचा कारखाना उभा राहिला, आणि या उद्योगाला लागणारा बांबू शासनाशी झालेल्या करारांनुसार दशकानुदशके याच परिसरातील वनांतून तोडला गेला. वह्या, पाठ्यपुस्तके, ग्रंथ आणि नियतकालिके यांसाठी वापरल्या गेलेल्या कागदात या जंगलांचा वाटा होता. परंतु त्या जंगलांत राहणाऱ्या माणसांची भाषा, त्यांचे नाटक, त्यांची गाणी आणि त्यांची चित्रकला यांना सातत्याने जागा देणारे, याच दोन जिल्ह्यांतून संपादित होणारे आणि महाराष्ट्रभर वाचले जाणारे स्वतंत्र वाङ्मयीन व कलाविषयक नियतकालिक मात्र मराठी वाचकांच्या परिचयाचे झाले नाही. अशा नियतकालिकाची आज नितांत गरज आहे आणि ते काढणे शक्यही आहे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. ते कसे शक्य आहे याचा विचार करण्यासाठी मराठीतील पूर्वानुभव, या परिसराची भाषिक रचना आणि प्रकाशनव्यवहारातील व्यावहारिक अडचणी या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

मराठीत अशा प्रयत्नांना 'लघुअनियतकालिक' असे नाव पडले आहे. लेखकांनी किंवा कलावंतांनी स्वतःच्या बळावर काढलेले, कमी प्रतींचे, ठराविक तारखेला निघण्याचे बंधन न पाळणारे आणि प्रस्थापित संपादकांच्या अभिरुचीला बांधलेले नसलेले प्रकाशन असा त्याचा अर्थ सांगता येईल. १९५५च्या सुमारास अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ आणि त्यांचे सहकारी यांनी काढलेले 'शब्द' हे त्यांतील पहिले ठळक उदाहरण होय. ते चक्रमुद्रित होते, म्हणजे मेणकागदाच्या स्टेन्सिलवर मजकूर टंकलिखित करून हाताने फिरवायच्या यंत्रावर त्याच्या प्रती काढल्या जात. छापखान्याचा खर्च परवडत नसलेल्या तरुणांना हे साधन हाताशी होते. साठच्या दशकात अशोक शहाणे यांचे 'असो', औरंगाबादेतून भालचंद्र नेमाडे यांचे 'वाचा', राजा ढाले यांचे 'येरू' आणि सतीश काळसेकर, तुळसी परब प्रभृतींच्या सहभागाचे 'फक्त' असे अंक निघाले, आणि १९६९ साली 'सत्यकथा' मासिकाच्या अंकाची होळी करण्यापर्यंत या पिढीचा प्रस्थापित वाङ्मयव्यवहाराशी संघर्ष गेला. यातील बहुतेक अंक अल्पायुषी ठरले. तरीही पुढच्या तीस वर्षांतील मराठी कविता कोण लिहिणार हे बऱ्याच अंशी त्यांनीच ठरवले, म्हणून त्यांच्या अल्पायुष्याला अपयश म्हणता येत नाही.

या दोन जिल्ह्यांच्या दृष्टीने मात्र मुख्यतः मुंबईच्या या इतिहासापेक्षा दुसऱ्या एका परंपरेचे महत्त्व अधिक आहे. गंगाधर पानतावणे यांनी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात औरंगाबादेतून सुरू केलेल्या 'अस्मितादर्श'ने दलित लेखकांच्या एका संपूर्ण पिढीला लिहिते केले, त्यांच्यासाठी समीक्षा घडवली आणि वाचकही तयार केला. धुळ्याहून पुरुषोत्तम पाटील यांनी १९८५ पासून चालवलेल्या 'कवितारती'ने मोठ्या शहराबाहेर राहून कवितेला वाहिलेले नियतकालिक दीर्घकाळ टिकवता येते हे सिद्ध केले. बुलढाण्याहून रमेश इंगळे उत्रादकर यांनी संपादित केलेल्या 'शब्दवेध'ने आणि सावंतवाडीहून प्रवीण बांदेकर यांनी काढलेल्या 'नवाक्षर दर्शन'ने जिल्हापातळीवरील गावातून समकालीन मराठी साहित्याशी बरोबरीच्या नात्याने बोलता येते हे दाखवले. बुलढाणा आणि सावंतवाडी येथे जे घडू शकले ते चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वडसा किंवा गडचिरोली येथे घडू शकणार नाही असे मानण्याचे काहीही कारण नाही.

या परिसरात साहित्यिक जागृतीचा अभाव होता असेही नाही. १९७९ हे वर्ष या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण त्या वर्षी अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन वामन कृष्ण चोरघडे यांच्या अध्यक्षतेखाली चंद्रपुरात भरले आणि त्याच वर्षी, त्याच जिल्ह्यातील भद्रावती येथे पहिले आदिवासी साहित्य संमेलनही झाले. एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षी भरलेल्या या दोन संमेलनांपैकी पहिल्याची नोंद मराठी साहित्याच्या प्रत्येक कोष्टकात सापडते, तर दुसरे मुख्यतः आदिवासी साहित्याच्या अभ्यासकांच्या लेखनात उरले आहे. पुढे विनायक तुमराम यांचा 'गोंडवन पेटले आहे', शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील भुजंग मेश्राम यांचा 'उलगुलान' आणि उषाकिरण आत्राम यांची गोंडी व मराठीतील कविता यांनी आदिवासी कवितेला मराठीत स्वतःचा आवाज मिळवून दिला. २०१२ साली चंद्रपुरात पुन्हा अखिल भारतीय संमेलन झाले, तेव्हा वसंत आबाजी डहाके अध्यक्ष होते. प्रस्थापित अभिरुचीपासून वेगळी वाट काढणाऱ्या साठोत्तरी कवितेतील एक महत्त्वाचा कवी त्या व्यासपीठावर होता. संमेलने येतात आणि मांडव उतरला की संपतात. संमेलनात जागा झालेल्या लेखकाला पुढच्या महिन्यात कविता कोठे पाठवायची हा प्रश्न पडतो, आणि त्याचे उत्तर देणारी संस्था म्हणजे नियतकालिक.

गोंडी समाजाच्या अंगाने या प्रश्नाला मिळालेले सर्वांत चिवट उत्तर म्हणजे 'गोंडवाना दर्शन' हे मासिक होय. सुन्हेरसिंह ताराम यांनी १९८०च्या दशकात ते सुरू केले आणि उषाकिरण आत्राम यांच्या साथीने अनेक वर्षे चालवले. ताराम यांचे २०१८ साली निधन झाले. मासिकाची मुख्य भाषा हिंदी होती, कारण त्याचा वाचक महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड अशा अनेक राज्यांत विखुरलेला होता. व्यापारी पाठबळ नसताना, वर्गणीदार आणि समाजातील कार्यकर्ते यांच्या भरवशावर एक मासिक इतका दीर्घकाळ चालते, ही गोष्ट मराठी लघुअनियतकालिकांच्या इतिहासात आदराने नोंदवली जायला हवी होती. ती तशी नोंदवली गेलेली नाही, आणि ही केवळ अभ्यासकांची उणीव नव्हे. मराठी वाङ्मयीन व्यवहार आपल्या शेजारच्या भाषेकडे किती कमी पाहतो याचे ते लक्षण आहे.

भाषेचा प्रश्न येथे सर्वांत आधी आणि सर्वांत सविस्तर विचारात घ्यावा लागतो. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला; २०११च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे १० लाख ७३ हजार असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण ३८ टक्क्यांहून अधिक आहे. धानोरा आणि कुरखेडा भागात गोंडी, भामरागड आणि एटापल्लीत माडिया, वैनगंगेच्या खोऱ्यातील गावांत झाडीबोली, सिरोंच्यात तेलुगू, छत्तीसगडच्या सीमेलगत छत्तीसगडी आणि पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या चामोर्शी व मुलचेरा तालुक्यांतील वसाहतींत बंगाली बोलली जाते. चंद्रपूर जिल्ह्यात जिवती आणि कोरपना या डोंगरी तालुक्यांत कोलामी आहे, तर कोळसा खाणींच्या वसाहतींत देशभरातील कामगारांची हिंदी. गोंडी बोलणाऱ्यांची संख्या २०११च्या जनगणनेत देशभरात सुमारे २९ लाख ८४ हजार नोंदली गेली, तरी ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही, आणि त्यामुळे तिच्यातील साहित्याला शासकीय आधाराचे मार्ग फार थोडे आहेत. धानोरा तालुक्यातील मोहगाव येथील ग्रामसभेने गोंडी माध्यमाची शाळा स्वतः सुरू केली. तेथे शिकणाऱ्या मुलांना वर्गाबाहेर वाचायला काय मिळणार, हा प्रश्न शिक्षणखात्याइतकाच लेखकांचाही आहे.

म्हणून येथील नियतकालिक केवळ प्रमाण मराठीत काढणे म्हणजे नागपूरच्या किंवा पुण्याच्या नियतकालिकाची लहान आवृत्ती काढणे होईल. मूळ गोंडी, माडिया किंवा झाडीबोली मजकूर डाव्या पानावर आणि त्याचा मराठी अनुवाद उजव्या पानावर, अशी मांडणी सर्वांत उपयुक्त ठरेल. तिच्यामुळे मूळ भाषेचा वाचक अनुवादाचा परीक्षक बनतो आणि मराठी वाचकाला आपण अनुवाद वाचत आहोत याचा विसर पडत नाही. गणेश देवी यांच्या पुढाकाराने बडोद्यात स्थापन झालेल्या भाषा संशोधन व प्रकाशन केंद्राने 'ढोल' हे नियतकालिक अनेक आदिवासी भाषांतून, प्रादेशिक लिपी वापरून काढले, आणि लिहिण्याची प्रथा नसलेल्या भाषेतही वाचक असतो हे त्यातून दिसून आले.

लिपीचा निर्णय भावनिक आहे, पण तो टाळता येत नाही. मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली तयार केलेली गोंडी लिपी आणि तेलंगणातील गुंजाळा गावी हस्तलिखितांतून पुढे आलेली लिपी अशा दोन लिप्या आज चर्चेत आहेत. त्यांना युनिकोड या जागतिक संगणकीय वर्णव्यवस्थेत अनुक्रमे २०१७ आणि २०१८ साली स्थान मिळाले असल्याने त्या संगणकावर छापण्याजोग्या झाल्या आहेत. तरीही ज्या तरुणांचे शालेय शिक्षण देवनागरीत झाले आहे त्यांच्यापर्यंत पोहोचायचे तर मजकूर देवनागरीत आणि शीर्षके गोंडी लिपीत ठेवणे हा आरंभीचा शहाणा मार्ग दिसतो. जिल्ह्याच्या ठिकाणच्या डीटीपी केंद्रांत अजूनही जुने, युनिकोडपूर्व फाँट वापरले जातात. त्यांत टंकलेला मजकूर पुढे शोधता येत नाही, दुसऱ्या संगणकावर तो अगम्य होतो आणि गोंडी अक्षरे तर त्यांत उमटतच नाहीत. त्यामुळे पहिल्या अंकापासून युनिकोडचाच आग्रह धरणे हे संग्रहाच्या दृष्टीने अत्यावश्यक आहे.

साहित्याबरोबर 'कला' हा शब्द नियतकालिकाच्या नावात घ्यायचा असेल तर झाडीपट्टी रंगभूमीला त्यात मध्यवर्ती स्थान द्यावे लागेल. झाडीपट्टी म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांचा वनबहुल, धान पिकवणारा पट्टा. दंडार आणि खडी गंमत यांसारख्या लोकनाट्यप्रकारांच्या पायावर येथे एक पूर्ण व्यावसायिक रंगभूमी उभी राहिली आहे. तिचे केंद्र वडसा, म्हणजे देसाईगंज, येथे आहे. नाट्यमंडळ्यांची कार्यालये तेथे असतात, गावोगावचे लोक तेथे येऊन नाटक ठरवतात, आणि भाऊबीजेपासून होळीपर्यंतच्या हंगामात मंडई (गावजत्रा) व शंकरपट (बैलांच्या शर्यती) यांच्या निमित्ताने रात्रभर प्रयोग चालतात. शासकीय अनुदानाच्या आधाराशिवाय, तिकिटाच्या पैशावर, खेड्यांतील प्रेक्षकांच्या बळावर चालणारी अशी रंगभूमी महाराष्ट्रात दुसरी दाखवणे कठीण आहे. गडचिरोलीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी तिची दखल घेतली. परंतु या रंगभूमीवर सादर होणाऱ्या नाटकांचे नियमित परीक्षण, त्यांच्या संहितांची चिकित्सा, नेपथ्य आणि संगीताचा विचार, नटांच्या मुलाखती, स्त्री-कलावंतांच्या कामाच्या परिस्थितीची नोंद असे काहीही सलगपणे छापले जात नाही. बहुतेक संहिता वह्यांतच राहतात, हंगाम संपला की वही मंडळीच्या पेटीत जाते आणि नाटककार गेला की वहीही हरवते. एका अंकात एक पूर्ण संहिता, तिच्या प्रयोगाच्या नोंदींसह छापली तरी दहा वर्षांत मराठी नाट्यइतिहासाच्या हाती आज नसलेले एक दालन येईल. डॉ. हरिश्चंद्र बोरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडीबोलीसाठी केलेल्या संशोधनाची आणि संमेलनांच्या चळवळीची पायाभूत मदत या कामी उपलब्ध आहे.

दृश्यकलेबाबतही विषयांची टंचाई नाही. मार्कंड्याची मंदिरे, भद्रावतीची विजासन लेणी, गोंड राणी हिराईने उभारलेली राजा बिरशहाची समाधी, माडियांचे लाकडावरील कोरीवकाम आणि बुरुडांची बांबूकला हे सर्व वर्णनाच्या पलीकडे जाऊन अभ्यासले जायला हवे. छपाई स्वस्त ठेवायची तर छायाचित्रांपेक्षा रेखाटनांवर भर द्यावा. नागपूरचे चित्रकार भाऊ समर्थ यांच्या रेषांनी मराठी आणि हिंदी नियतकालिकांना जे रूप दिले त्यावरून काळ्या शाईत किती सामर्थ्य असते हे स्पष्ट होते.

छापील कागदाला या भागात एक वेगळा सामाजिक अर्थ आहे. १९८०पासून गडचिरोलीत नक्षलवादी चळवळीचा शिरकाव झाला, आणि पुढे अनेक दशके दुर्गम गावांत बाहेरून येणारा छापील मजकूर म्हणजे एक तर माओवाद्यांची पत्रके किंवा पोलिसांची आवाहने असे. दोन्हींमध्ये गावकऱ्याला उद्देशून बोललेले असते, गावकरी मात्र त्यात बोलत नाही. ज्या प्रदेशात कागद बाळगणेही संशयाला कारण होऊ शकते तेथे साहित्याच्या प्रकाशनाने आपली ओळख पूर्णपणे उघड ठेवली पाहिजे. संपादकाचे नाव, पत्ता, मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण प्रत्येक अंकावर ठळकपणे असणे ही येथे औपचारिकता राहत नाही, ते लेखकाचे आणि वाचकाचे संरक्षण असते.

याच कारणासाठी नोंदणीचा मुद्दा नीट समजून घ्यावा लागतो. १८६७च्या मुद्रणालये व पुस्तके नोंदणी अधिनियमाच्या जागी नियतकालिकांची नोंदणी करणारा २०२३चा अधिनियम १ मार्च २०२४ पासून लागू झाला. आता अर्ज ऑनलाइन करावा लागतो आणि त्याची प्रक्रिया भारताचे प्रेस महानिबंधक व जिल्हा प्रशासन यांच्यामार्फत होते. या कायद्यातील 'नियतकालिक' ही संज्ञा ठराविक अंतराने निघणाऱ्या आणि सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरील भाष्य असलेल्या प्रकाशनांना लागू होते, पुस्तकांना नाही. जुन्या लघुअनियतकालिकांच्या नावातील 'अनियत' या अंशाला त्यामुळे सोयीचीही बाजू होती. तरीही या दोन जिल्ह्यांत संपादकांनी तीन-चार अंकांचा अनुभव गाठी बांधून रीतसर नोंदणी करावी हेच श्रेयस्कर, कारण नोंदणीकृत नावामागे कायदा उभा असतो.

वितरणाच्या बाबतीत डाकसवलतीवर फार विसंबता येणार नाही. १८९८च्या जुन्या डाक कायद्यातसुद्धा वृत्तपत्रांसाठीची सवलत ३१ दिवसांहून अधिक अंतराने न निघणाऱ्या प्रकाशनांपुरती होती, म्हणजे त्रैमासिकाला ती कधी मिळालीच नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, तेव्हा अंकाचे वेळापत्रक हवामानाशी जुळवून घेणे भाग आहे. वर्षातून दोन अंक काढावेत, एक दिवाळीनंतर नाटकांच्या हंगामाच्या तोंडावर आणि दुसरा होळीच्या आसपास, म्हणजे मंडई, नाटकाचा मांडव, आठवडी बाजार, महाविद्यालये आणि ग्रामसभांची कार्यालये ही सर्व विक्रीकेंद्रे म्हणून उपयोगी पडतील. मराठीत 'मनोरंजन'ने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा पाडली तीही वाचकाच्या सणाशी अंक जोडूनच. झाडीपट्टीच्या वाचकाचा मोठा सण हा नाटकाचा हंगाम आहे.

पैशाचा प्रश्न अवघड आहे, पण तो जितका मोठा मानला जातो तितका नाही. चार फर्म्यांचा, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या चार घड्यांचा, ६४ पानांचा डेमी आकाराचा कृष्णधवल अंक काही शे प्रतींत काढण्यास लागणारी रक्कम दहा-वीस नोकरदार माणसांच्या गटाला पेलता येते. शिकागोत १९१२ साली हॅरिएट मन्रो यांनी 'पोएट्री' हे कवितेचे मासिक सुरू करण्यापूर्वी शहरातील शंभरांहून अधिक नागरिकांकडून पाच वर्षे दरसाल ५० डॉलर देण्याचे वचन घेतले होते, आणि ते मासिक शतकानंतरही निघत आहे. त्यांनी देणगी मागताना मुदत मागितली हे महत्त्वाचे होय. आपल्याकडे पहिल्या अंकाला देणगी मिळते, चौथ्याला मिळत नाही, म्हणून पाच वर्षांचे वचनदार आधी गोळा करावेत. एक मोह मात्र कटाक्षाने टाळावा. महाविद्यालयीन शिक्षकांच्या पदोन्नतीसाठी शोधनिबंध छापून त्याचे शुल्क घेणारी नियतकालिके गेल्या काही वर्षांत फोफावली. विद्यापीठ अनुदान आयोगाने नियतकालिकांची आपली मान्यतायादी २०२५ साली रद्द केली तरी ही प्रवृत्ती संपलेली नाही. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे आणि तेथील अध्यापक व विद्यार्थी अशा उपक्रमाचे स्वाभाविक सहकारी ठरतील, परंतु लेखकाकडून पैसे घेऊन छापणारे नियतकालिक लेखकाला नाही म्हणण्याचा अधिकार गमावते.

तो अधिकार कोणी आणि कसा वापरायचा याविषयी या परिसराने स्वतःच एक नमुना दिलेला आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची आणि निर्णयापूर्वी अभ्यासगटात विषय समजून घेण्याची पद्धत रुजवली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावे तिच्याशी जोडलेली आहेत, आणि मिलिंद बोकील यांच्या 'गोष्ट मेंढा गावाची' या पुस्तकामुळे ती मराठी वाचकांना माहीत आहे. वनहक्क कायद्याखाली या गावाला २००९ साली १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ साली स्वतःच्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. नियतकालिकाने मेंढ्याकडून अभ्यासगट अवश्य घ्यावा: अंक काढण्यापूर्वी वर्षभर दर महिन्याला एकत्र वाचन, त्यात एक गोंडी, एक झाडीबोली आणि एक मराठी मजकूर, आणि त्यावर मोकळी चर्चा. पण साहित्याची निवड सर्वसहमतीवर सोडणे धोक्याचे आहे, कारण सर्वांना पटणारी कविता बहुधा आधीच कोठेतरी छापलेली असते. अंतिम निवड दोन संपादकांनी करावी, त्यांतील एकाची मातृभाषा मराठीव्यतिरिक्त असावी, नाकारलेल्या प्रत्येक लेखकाला कारण कळवावे आणि तीन वर्षांनी संपादक बदलावेत.

सुरुवात करण्यासाठी आज सर्वांत निकडीचे काम मजकूर वाचवण्याचे आहे. ज्या कुटुंबांकडे झाडीपट्टी नाटकांच्या संहितांच्या वह्या, दंडारीची लिहून ठेवलेली गाणी, १९७९च्या भद्रावती संमेलनाची पत्रके किंवा छायाचित्रे, 'गोंडवाना दर्शन'चे जुने अंक असतील त्यांनी ते रद्दीत जाऊ देऊ नयेत. त्यांच्या प्रती काढून एक प्रत जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात आणि एक गोंडवाना विद्यापीठाच्या ग्रंथालयात द्यावी, आणि ज्या तरुणांना अंक काढायचा आहे त्यांनी पहिल्या अंकाची बांधणी याच वह्यांपासून करावी.